बाळाच्या फाटलेल्या टाळूच्या ऑपरेशनची तारीख मिळाली? मग आधी बाटली सोडवा

बाकी सगळं शेवटच्या आठवड्यात धावपळ करून जमतं, हे एकच जमत नाही, म्हणून पहिले हेच लिहिते. बाळाची बाटली सोडवा. तारखेच्या आदल्या दिवशी नाही, किमान दोन-तीन आठवडे आधी. फाटलेल्या टाळूच्या (म्हणजे जन्मतःच तोंडाच्या छताला फट असलेल्या) बाळाला तोंडात ओढ धरता येत नाही, त्यामुळे आपण महिनोन्‌महिने दाबायची मऊ बाटली नाहीतर मोठ्या भोकाचं निप्पल वापरून त्याला कसंबसं प्यायला शिकवलेलं असतं, आणि त्याचा सगळा जीव त्या बाटलीत असतो. ऑपरेशननंतर बहुतेक सर्जन तीच बाटली बंद करतात कारण निप्पल थेट टाक्यांवर घासतं. काही सर्जन चालू ठेवायला सांगतात, म्हणून आपल्या सर्जनला आधीच स्पष्ट विचारा, शेजारणीला नाही. आमच्या वेळी फाइल तयार, सुट्टी तयार, आजीची बॅग तयार, फक्त पोरगी वाटीनं प्यायला शिकलेली नव्हती. तोंड सुजलेलं, दुखून राहिलं होतं, त्यात समोर अनोळखी वाटी, ओठ मिटले ते मिटलेच आणि निघणारं सलाइन पुन्हा सुरू झालं.

तर वाटी, छोटा स्टीलचा ग्लास, बोंडलं (चोचीचं दूध पाजायचं भांडं), जे सर्जन म्हणतील ते, पण रोज त्यानंच पाजा. बाळाला मांडीवर उभं बसवा, कडा खालच्या ओठावर टेकवा, थोडं थोडं ओता, आत घुसवू नका. चमचा वापरायचा तर तो ओठाशीच थांबला पाहिजे, बोंडल्याचं तोंडही तसंच. स्ट्रॉ नाही, चोखणी नाही. दिवसाचं दूध लवकर वाटीवर येतं, रात्रीचं येत नाही, अर्ध्या झोपेत बाटली दिली की सगळी मेहनत पाण्यात, म्हणून रात्रीचं आधी सोडवा. आणि घरातल्या बाटल्या खरंच देऊन टाका. फडताळात ठेवली तर कोणीतरी 'रडून राहिलं न बिचारं' म्हणून काढतंच, आमच्याकडे आजी, तुमच्याकडे कोण असेल ते तुम्हाला माहीत.

रक्त तपासून घ्या, तेही महिनाभर आधी. हिमोग्लोबिन साधारण 10 च्या वर पाहतात आणि कमी निघालं तर लोहाचं औषध चढायला आठवडे लागतात, दोन दिवसांत काही होत नाही. दिवसभर नुसतं वरचं दूध पिणाऱ्या बाळांचं बऱ्याचदा कमी निघतं. लोहाचं औषध दुधासोबत देऊ नका, अंगी लागत नाही. वजन वाढत नसेल तर तेही आत्ताच सांगा.

सर्दी, खोकला, ताप. हे लपवू नका. तारीख जाईल, पुन्हा नंबर लागणार नाही, बालाघाटवरून गाडी करून आलो, सगळं कबूल, पण सर्दीतल्या बाळाला भूल दिली की श्वासाचा त्रास होण्याची भीती वाढते आणि खोकल्याचा ताण नव्या टाक्यांवर येतो. भूलवाले डॉक्टर ऑपरेशन पुढे ढकलतात ते उगाच नाही. त्या आधीच्या दिवसांत लग्न-बारसं, सीताबर्डीच्या गर्दीत फिरणं बंद. लस जवळ आली असेल तर कधी द्यायची ते विचारून घ्या, नाहीतर लसीचा ताप की सर्दीचा ताप हा घोळ होतो. खालचा जबडा लहान असेल, झोपेत श्वास अडकत असेल तर भूलवाल्यांना आवर्जून सांगा, फाइलमध्ये असेलच असं समजू नका.

कानाचं विचारा. टाळू फाटलेल्या बाळांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचणं फार कॉमन आहे, त्यानं कमी ऐकू येतं आणि मग बोलणं मागे पडतं. गरज असेल तर कानात छोटी नळी त्याच भुलीत बसवता येते, दुसऱ्यांदा भूल द्यावी लागत नाही.

पैशाचं थोडक्यात. नागपुरातलं मेडिकल, मेयो, एम्स ही सरकारी हॉस्पिटलं किंवा खाजगी, कुठंही जा, आधी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात चौकशी करा (अंगणवाडीतून पाठवतात, फाटलेला ओठ-टाळू त्यात बसतो), जनआरोग्य योजनेचं विचारा, आणि स्माइल ट्रेन या सेवाभावी संस्थेशी जोडलेल्या हॉस्पिटलात हे ऑपरेशन मोफत होतं. आधार, रेशन कार्ड, झेरॉक्स. झालं.

हाताच्या पट्ट्या, म्हणजे कोपर वाकू नये म्हणून बांधतात त्या. बोट टाळूपर्यंत जाऊ नये एवढंच त्यांचं काम. विकत मिळतात, कापडात आइस्क्रीमच्या काड्या शिवूनही होतात. सगळेच सर्जन बांधायला लावत नाहीत, पण लावत असतील तर घरी आधी रोज थोडा वेळ घालून बघा, म्हणजे त्या दिवशी बाटली गेली, हात बांधले, तोंड दुखतंय असं सगळं एकदम अंगावर येत नाही. आतून पूर्ण बाह्यांचा सुती सदरा घाला, नागपूरच्या मे महिन्यात पट्टीखाली घामोळं आलंच म्हणून समजा. दिवसातून काही वेळा एका वेळी एकच हात सोडा, समोर बसून, आणि बोटं थंड किंवा निळसर पडली नाहीत ना ते बघा.

आदल्या रात्री उपाशी ठेवायचं गणित साधारण असं: जेवण आणि वरचं दूध भुलीच्या 6 तास आधी बंद, आईचं दूध 4 तास, साधं पाणी 2 तास. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं तर तेच पाळा. एक घोट दूध दिलं तर काय होते, असं म्हणणाऱ्या काकूंना खोलीबाहेर बसवा. भुलीत उलटी झाली तर ती फुप्फुसात जाते.

ऑपरेशननंतरचा पहिला दिवस रक्त आणि श्वास, बस या दोनच गोष्टी बघायच्या. गुलाबी लाळ चालते. ताजं लाल रक्त येत राहिलं, बाळ सारखं काहीतरी गिळून राहिलंय, किंवा रक्ताची उलटी झाली तर सिस्टरला लगेच हाक मारा. सुजेमुळे घोरल्यासारखा आवाज येतो, पण छाती आत ओढली जात असेल, ओठ निळे होत असतील तर थांबू नका. कुशीवर झोपवा. घरी गेल्यावर असं झालं तर 108. लांबून आलेल्यांनी पहिले काही दिवस नागपुरातच कोणाकडे तरी मुक्काम करा, गोंदियाला जाऊन रात्री दोन वाजता परत निघण्यापेक्षा बरं.

दुखण्याचं औषध रडायची वाट न बघता वेळेवर द्या, दुखलं की बाळ पीत नाही, पीत नाही की सुकते. पॅरासिटामॉलच्या बाटलीवरचा आकडा वाचा, 125 वालं सिरप आणि 250 वालं सारखंच दिसतं, थेंबांचं औषध तर त्याहून कितीतरी जास्त स्ट्रॉंग असतं. दुसरं कुठलंही दुखण्याचं औषध मनानं नाही. सहा-आठ तास लघवी नाही, जीभ कोरडी, डोळे खोल गेले तर फोन करा. आता कळलं ना वाटीची सवय का म्हणते ते? ज्याला वाटी येते ते दुसऱ्या दिवशी थोडं तरी पितं.

खाणं आधी पातळ, मग मऊ, किती दिवस ते सर्जन सांगतील, साधारण दोन-तीन आठवडे. वरणाचं पाणी, पेज, पातळ सोजी, गाळून. गरम नाही, कोमट. संत्र्याचा रस झोंबतो. बिस्किट, टोस्ट, पापड, चिवडा अजिबात नाही, आणि भेटायला येणारे नेमकं तेच हातात देतात. प्रत्येक खाण्यानंतर दोन घोट पाणी, टाक्यांवर अन्न साचलं की इन्फेक्शन होतं आणि तिथंच भोक पडायची भीती असते. पेन, ब्रश, चमचा, लांब खेळणी सगळी उचलून ठेवा. बोट घालून किंवा चमच्यानं जीभ दाबून टाके बघू नका, ते आपोआप विरघळतात, लोंबणारा धागाही ओढू नका.

आठवड्यानं बाळ हसायला लागलं की घरचे ढिले पडतात आणि बाटली परत येते. नाही. सर्जन हो म्हणेपर्यंत नाही.

ताप 100.4 च्या वर, तोंडाला घाण वास, पिणं एकदम कमी, पुन्हा रक्त: फोन. सुरुवातीला थोडं नाकातून येऊ शकतं, पण नंतरही दूध नाकातून येत राहिलं तर भोक आहे का ते दाखवा. तपासणीच्या तारखा चुकवू नका, कान पुन्हा तपासा, स्पीच थेरपीची चौकशी आत्ताच करून ठेवा, दाताच्या डॉक्टरांचं नंतर, आणि डिस्चार्ज कार्डचा फोटो मोबाइलमध्ये.