जुनं मिलिंग घरी आणण्याआधी

लेथ घरात आला की वर्षा-दोन वर्षांत मिलिंगचे, म्हणजे फिरत्या कटरने लोखंड छिलणाऱ्या मशीनचे, डोहाळे लागतात. मला लागले तेव्हा मी सरळ कोल्हापूर गाठलं आणि उद्यमनगरात मशीन बघत फिरायला लागलो. आधी मोजपट्टी घेऊन घरातच फिरायला हवं होतं. टेबल १,१०० मिमी लांब आणि त्याची धाव ६०० मिमी असेल, तर टेबलाची टोकं एकूण १,७०० मिमी जागा झाडतात. दोन्हीकडची हँडल धरली की साडेसहा-सात फूट भिंत त्यातच गेली. उंचीचं तर मी मनातच आणलं नव्हतं. ड्रॉबार, म्हणजे कटरचा होल्डर वरून ओढून धरणारा लांब बोल्ट, वर ओढून काढायला मशीनच्या डोक्यावर फूट-दीड फूट मोकळं लागतं, आणि माझ्याकडे नेमका तिथे बीम आला. आता ड्रॉबार काढायचा तर हेड (कटर फिरवणारा वरचा भाग) तिरकं करावं लागतं, आणि हेड हललं की सगळं सेटिंग पहिल्यापासून. तेव्हा दाराची रुंदी, छताची उंची आणि बीमची जागा आधी कागदावर घ्या. टरेट मिलिंग, म्हणजे हेड वळवता-सरकवता येणारं मशीन, टनाच्या आसपास भरतं, म्हणून तळमजलाच बरा, आणि खाली चार-पाच इंचाचं काँक्रीट हवं. नुसती फरशी असेल आणि खाली पोकळ असेल तर ती पहिल्याच दिवशी बोलते.

दुसरी गाठ विजेची. घरात सिंगल फेज २३० व्होल्ट आणि मशीनवर थ्री फेज ४१५ व्होल्टची मोटार. महावितरणकडून थ्री फेज जोडणी घेता आली तर उत्तम; उलटी फिरली तर दोन फेज बदलले की झालं. नाहीतर व्हीएफडी, म्हणजे मोटारीला वीज बदलून देणारा इलेक्ट्रॉनिक डबा. त्याला सिंगल फेज दिली की थ्री फेज मिळते, पण व्होल्ट २३०च राहतात, म्हणून मोटार डेल्टात जोडावी लागते (स्टार आणि डेल्टा या मोटारीच्या वायरी जोडायच्या दोन पद्धती). लहान मोटारी, दोन-तीन हॉर्सपॉवरपर्यंतच्या, बहुधा स्टारमध्ये असतात, आणि जुन्या मोटारीच्या डब्यात कैकदा तीनच वायरी सापडतात. स्टारची गाठ आत वाइंडिंगमध्ये पुरलेली असते. रिवाइंडिंगवाला ती उकलून सहा टोकं बाहेर काढून देतो. काम मोठं नाही, पण आधी ठाऊक असलेलं बरं. मशीन बघायला जाण्याआधी मोटारीच्या पाटीचा आणि उघड्या डब्याचा फोटो मागवा. दोन स्पीडची मोटार असेल तर व्हीएफडीच्या नादी लागू नका, दुसरी एक स्पीडची मोटार बसते का ते बघा. आणि मशीनवरचा जुना उलट-सुलट स्विच व्हीएफडी आणि मोटारीच्या मध्ये ठेवू नका. चालू मशीनवर एकदा तो फिरवला की व्हीएफडी गेलाच म्हणून समजा. अर्थिंग पक्कं हवं, हे वेगळं सांगायला नको.

मशीन कुठलं घ्यायचं? एचएमटीची पिंजोरला बनलेली, भारत फ्रिट्झ वर्नरची बंगळूरला बनलेली नी-टाइप (टेबल पेलणारा 'नी' वर-खाली होतो अशी) मिलिंग अजून बाजारात येतात. ओतीव काम दणकट, पण आकार आणि वजन घराला झेपेल का ते बघा. घरासाठी टरेटवालंच सोयीचं, बाजारात एम१टीआर नावाने चालतं तसलं. राजकोट, बटाला, लुधियाना इथली मशीनं भरपूर मिळतात. त्यात चांगली आहेत आणि वाईटही आहेत, म्हणून नावावर जाऊ नका. स्पिंडलचा टेपर, म्हणजे कटर फिरवणाऱ्या दांड्याच्या तोंडाचा निमुळता आकार, मात्र फोनवरच विचारा. विक्रेत्याला सांगता आला नाही तर जाऊन व्हर्निअर लावा. आयएसओ ३० चं तोंड ३१.७५ मिमी, आयएसओ ४० चं ४४.४५. आर ८ असेल तर ड्रॉबारचे आटे ७/१६ इंची असतात. यातलं काहीही चालेल, कोलेट (कटर आवळून धरणारी चिरलेली नळी) आणि होल्डर मुंबईत नागदेवी स्ट्रीटला हात लावाल तिथे मिळतात. यातलं काहीच नसेल तर मशीन कितीही गोड वाटलं तरी परत फिरा. एकेक होल्डर बनवून घेण्यात आयुष्य जाईल.

जायच्या दिवशी पिशवीत डायल गेज (शतांश मिलिमीटर दाखवणारं काट्याचं घड्याळ) आणि मॅग्नेटिक स्टँड, टॉर्च, ॲलन कीचा सेट, चिंध्या, बाटलीभर रॉकेल किंवा डिझेल आणि एक साधं लोहचुंबक ठेवा. लोहचुंबक टेबलासाठी. ड्रिलने पडलेले खड्डे पुट्टीने बुजवून वर रंग मारलेला असतो, तिथे ते चिकटत नाही. मशीनला करंट दिलेला हवा, पण आम्ही येईपर्यंत चालू करू नका, असंही सांगून ठेवा. गरम मशीन थंड मशीनपेक्षा चांगलं वागतं. सोबत जाणता माणूस न्या. माझ्यासोबत मामा होते, तीस वर्षं टूलरूममध्ये काढलेले.

त्यांनी नव्या रंगाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. टेबल मधोमध आणलं, मॅग्नेटिक स्टँड कॉलमला लावला, डायल गेजचा काटा टेबलाच्या कडेला टेकवला आणि हँडल एका बाजूने नेऊन हळूच उलट फिरवलं. हँडलची चकती सरकत होती, टेबल गप्प. काटा हलेपर्यंत चकतीवर अर्धा मिलिमीटर गेला. मग टेबल पार टोकाला नेऊन तेच केलं. तिथे जेमतेम ०.१५. दुकानदार म्हणाला, "साहेब, नट बदलला की झालं." मामा म्हणाले, "नट सगळीकडे तोच आहे की हो. मधेच का लूज दाखवतोय?" झिजला होता स्क्रू, आणि तोही मधेच, कारण टेबल जन्मभर मधेच चाललं होतं. गनमेटलचा नट कुठलाही टर्नर करून देतो. मधे झिजलेल्या स्क्रूला मात्र नव्या स्क्रूशिवाय औषध नाही.

हीच परीक्षा स्लाइडवेची, म्हणजे टेबल ज्यावर सरकतं त्या पृष्ठभागांची. मधोमध जिब (स्लाइडवेतली फट आवळणारी पट्टी) आवळून टेबल घट्ट करा आणि टोकाकडे न्या. टोकाला अडकलं तर मधली झीज सिद्ध झाली. मग टोकाला चालेल एवढीच जिब सैल करून टेबल परत मधोमध आणा आणि त्याचं टोक हाताने मागे-पुढे ढकला, डायल गेज सांगेल किती हलतंय ते. मी आज कुणालाही एवढंच सांगेन की स्लाइडवे झिजलेलं मशीन घेऊ नका. बेअरिंग, बेल्ट, मोटार, नट, सगळं विकत मिळतं. स्लाइडवे ग्राइंड करून हाताने स्क्रेप (बारीक खरवडून सपाट) करून घ्यायचा तर मशीनच्या किमतीइतका खर्च येतो, आणि ते काम जाणणारी माणसं आता मोजकीच उरली आहेत. ते मशीन आम्ही सोडलं. तिसरं घेतलं, रंग उडालेलं, पण स्लाइडवेवर स्क्रेपिंगची नक्षी अजून दिसत होती.

स्पिंडलचं फार लांबवत नाही. डायल गेजचा काटा टेपरच्या आत टेकवून हाताने फिरवा: ०.०१ छान, ०.०३ च्या वर बेअरिंगचा खर्च किमतीतून वजा करा. मग सगळ्यात जास्त स्पीडला वीस मिनिटं चालू ठेवा. बंद करून स्पिंडलच्या नाकाला हात लावा; कोमट लागलं तर ठीक, चटका बसला किंवा घरघर आली तर नाही. प्रत्येक गिअर आणि ऑटो फीड टाकून बघा.

भाव करताना भंगाराचा किलोचा दर खिशात असू द्या, त्याखाली कुणी देत नाही. व्हाइस (जॉब पकडणारा शिकंजा), क्लॅम्प, टी-बोल्ट, जुने कटर, जे काही आजूबाजूला पडलंय ते सगळं मशीनसोबतच मागा आणि बयाणा देण्याआधीच कागदावर लिहून घ्या. माझी व्हाइस "उद्या पाठवतो" म्हणून राहिली ती कायमचीच. बिल पक्कं घ्या. आणि मशीनच्या किमतीच्या निम्मी रक्कम तरी टूलिंगला बाजूला ठेवा. कोलेट सेट, चांगली व्हाइस आणि चार एंडमिल (मिलिंगचे दांड्यासारखे कटर) यातच ती संपते.

वाहतुकीला छोटा हत्ती पुरत नाही, पिकअप बोलवा. टरेट मिलिंग डोक्याने जड असतं आणि वळणावर आडवं होऊ शकतं. म्हणून उचलण्याआधी रॅम (हेड धरणारा, पुढे-मागे सरकणारा वरचा भाग) मागे, हेड उलटं खाली, नी खाली उतरवून सगळे लॉक आवळलेले हवेत. हायड्राचा (क्रेनचा) पट्टा रॅमखालून किंवा आयबोल्टमधून घ्या. स्क्रूला, हँडलला, टेबलाला अजिबात लागू देऊ नका. घरी उतरवल्यावर इंची पाइपांवरून सरकवायचं, पहारीने, एकेक वीत. पुढे कुणी उभं राहायचं नाही. आणि हे सगळं पावसाच्या आधी उरका. आमच्याकडे जूनमध्ये उघड्या लोखंडावर एका रात्रीत तांबूस साय धरते.

जागेवर बसलं की चालू करायची घाई नको. रॉकेलने धुवा, कॉम्प्रेसरची हवा मारू नका, ती कीस आत ढकलते. स्लाइडवेला पॉलिशपेपर लावायचा नाही. कुठे लोखंडाचा काटा उठला असेल तर ऑइलस्टोनने हलकेच बसवा. तेलाची भोकं तारेने मोकळी करा आणि स्लाइडवेला ६८ ग्रेडचं स्लाइडवे ऑइल द्या. माझ्या पाचपैकी दोन भोकांत रंग भरलेला होता.

हेड सरळ करायला डायल गेज आडव्या दांड्यावर स्पिंडलमध्ये धरा आणि साधारण २०० मिमीचं वर्तुळ टेबलावर फिरवा. डावं-उजवं, पुढे-मागे, काटा ०.०२ च्या आत आणा. बोल्ट एकदम आवळलात तर हेड परत सरकतं, आळीपाळीने थोडं-थोडं आवळा. मग व्हाइसच्या स्थिर जबड्यावर काटा चालवून ती टेबलाला समांतर करा. ड्रॉबारचा पाना कामाच्या आधी काढून टाका, हातमोजे घालू नका, चष्मा घाला.

पहिलं काम माइल्ड स्टीलच्या ठोकळ्यावर. १० मिमीचा हायस्पीड एंडमिल असेल तर ८०० आरपीएमच्या आसपास, अर्धा मिलिमीटर खोल. कटर जिकडे फिरतो त्याच्या विरुद्ध बाजूने जॉब न्या. त्याच दिशेने नेलात तर स्क्रूमधला सगळा प्ले (मोकळेपणा) एका झटक्यात निघतो आणि कटर जॉब ओढून घेतो. माझा ठोकळा झाला तेव्हा मामांनी चारही कोपऱ्यांवर मायक्रोमीटर लावला. तीन सारखे, चौथा ०.०४ ने जास्त. "व्हाइसखाली कीस राहिलाय," म्हणाले. काढून बघितलं, तर टेबल आणि व्हाइसच्या मधे केसाएवढा एक तुकडा चिकटलेला होता.