१३३३ च्या बोर्डात १६०० ची रॅम

माझ्या डीटीपीच्या दुकानातला कॉम्प्युटर २०१२ चा. प्रोसेसर आय-थ्री २१००, एच-६१ मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात तो) आणि २ जीबीची एकच रॅम, म्हणजे चालू काम धरून ठेवणाऱ्या मेमरीची पट्टी. तिचा वेग १३३३. लग्नसराईत कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये पत्रिकेची फाइल उघडायला लावून मी चहा टाकायचे. चहा उतू जायचा, फाइल नाही उघडायची.

रॅम घ्यायला गेले तर दुकानदार म्हणाला, "ताई, १३३३ आता कोण ठेवतंय? १६०० न्या, चालते." खरं होतं ते. चालते, पण पळते १३३३ नेच. रॅमच्या पट्टीवर एक बारकी चिप असते, तिच्यात ती पट्टी कुठल्या कुठल्या वेगाने चालू शकते ते लिहिलेलं असतं. कॉम्प्युटर सुरू होताना बोर्ड ते वाचतो आणि प्रोसेसरला झेपेल तो वेग धरतो. माझ्या आय-थ्री २१०० प्रोसेसरची धाव १३३३ पर्यंतच. म्हणून १६०० साठी जास्तीचे पैसे मोजू नका, त्याच भावात मिळाली तर खुशाल घ्या. एक १३३३ आणि एक १६०० अशी जोडी लावलीत तरी दोघी १३३३ नेच चालणार.

घेताना रॅम डीडीआर-३ पिढीची आहे ना, ते बघा. डीडीआर-४ ची खाच वेगळ्या जागी असते. बसत नाही म्हणून दाबू नका, स्लॉट जाईल. ८ जीबीच्या फार स्वस्त पट्ट्यांवर "फक्त एएमडीसाठी" असं असतं, त्या माझ्यासारख्या इंटेल प्रोसेसरवाल्यांनी घेऊ नयेत. आणि ८ ची एक घेण्यापेक्षा ४ च्या दोन घ्या. दोन्ही स्लॉट भरले की ड्युअल चॅनेल चालतं, म्हणजे दोन्ही पट्ट्यांतून एकदम माहिती ये-जा करते, आणि फरक पडतो तो त्याने. १६०० च्या आकड्याने नाही.

मी दोन सेकंडहँड पट्ट्या घेतल्या. वायर काढली, पॉवरचं बटण दाबून उरलीसुरली वीज घालवली, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला, मग जुनी काढून नव्या बसवल्या. दोन्हीकडच्या क्लिपा 'टक' झाल्या. चालू केलं तर स्क्रीन काळी आणि नुसतं बीप बीप. पट्ट्या काढून पाहिल्या तर सोनेरी दात काळपट पडलेले. मुलाच्या कंपासमधलं खोडरबर हलक्या हाताने फिरवलं, भुगा ब्रशने झटकला, परत बसवल्या. चालू!

मग सीपीयू-झेड या कॉम्प्युटरची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये वेग बघितला तर ६६५. वाटलं, फसवलं मेल्याने. पण डीडीआर एका ठोक्यात दोनदा माहिती हलवते, त्यामुळे तिथला आकडा दुप्पट करून वाचायचा. वापरलेला माल म्हणून रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारी चाचणी, लावून ठेवली. एकही चूक निघाली नाही.

तरी आठ जीबीपैकी ३ जीबीच्या आसपासच रॅम विंडोज वापरत होती. ३२ बिटची होती ना, तिला त्याहून फार जास्त रॅम वापरताच येत नाही! ६४ बिटची टाकायला रविवार गेला, आणि प्रिंटरचा ड्रायव्हर शोधण्यात सोमवारची दुपार.