बेसमेंटमध्ये पाणी येतंय? आधी बाहेर जाऊन पन्हळ बघा

न्यू जर्सीत घर घेतलं की बहुतेक वेळा बेसमेंट मिळतंच, आणि मग गणपतीचं मखर, तांदळाच्या बॅगा, भारतातून आलेल्या रिकाम्या सुटकेसेस असं सगळं तिथेच जाऊन बसतं. मोठा पाऊस झाला की भिंतीकडेचं कार्पेट पचपचायला लागतं, आपण घाबरून वॉटरप्रूफिंगवाल्याला फोन करतो आणि तो हजारो डॉलरचं कोटेशन हातात देतो. सही करायच्या आधी थांबा. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये आयडा वादळाने घातला तसा पाऊस सोडला तर नेहमीचं पाणी बऱ्याचदा आपल्याच छतावरून आलेलं असतं आणि त्याचा इलाज स्वस्त आहे.

आधी पाणी नक्की कुठून येतंय ते शोधा. भिंत नुसती दमट वाटत असेल तर कोरड्या फडक्याने पुसून अॅल्युमिनियम फॉइलचा एक तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवा आणि एक-दोन दिवसांनी काढून बघा. फॉइलच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला ओल असेल तर पाणी भिंतीतून झिरपतंय, बाहेरच्या बाजूला थेंब असतील तर ती हवेतली वाफ गार भिंतीवर जमतेय. वाफ असेल तर डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) लावा, आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली ठेवा आणि जुलैत "जरा हवा खेळू दे" म्हणून खिडक्या उघडू नका, बाहेरची दमट हवा आत येऊन अजून पाणी सुटतं (आपल्या आईबाबांना हे पटवणं सगळ्यात अवघड). भिंतीवर पांढरी पावडर, म्हणजे लोणा दिसला तर तिथून पाणी येऊन गेलेलं आहे हे नक्की.

झिरपतंय म्हटल्यावर छत्री घ्या आणि भर पावसात घराभोवती एक चक्कर मारा, कोरड्या दिवशी काही कळत नाही. पन्हळीतून पाणी उतू जातंय का, तिच्यातून खाली येणारा पाइप (डाउनस्पाउट) घराच्या पायाशीच पाणी ओततोय का, कुठे डबकं साचतंय का ते बघा. १००० स्क्वेअर फूट छतावर १ इंच पाऊस पडला तर साधारण ६२० गॅलन म्हणजे जवळपास २३५० लिटर पाणी होतं. घर बांधताना पायाभोवती खड्डा खणून नंतर माती परत भरलेली असते, ती आजूबाजूच्या मातीपेक्षा सैल, त्यामुळे तिथे पडलेलं पाणी सरळ खाली उतरतं आणि भिंतीला दाब देत बसतं.

मग कामाला लागा. पन्हळी साफ करा, पानगळ संपल्यावर तर नक्कीच. डाउनस्पाउटला एक्स्टेन्शन लावून पाणी भिंतीपासून किमान ६ फूट लांब सोडा, जागा असेल तर १० फूट, हार्डवेअरच्या दुकानात हे पाइप फार महाग नसतात. शेजाऱ्याच्या अंगणात मात्र सोडू नका, भांडणं होतात. मग मातीचा उतार, पायापासून पहिल्या १० फुटांत जमीन ६ इंच खाली जायला हवी. कमी असेल तर चिकट माती आणून दाबून भरा, नुसता मल्च (झाडांभोवती पसरतात तो लाकडाचा चुरा) टाकून काही होत नाही कारण त्यातून पाणी आरपार जातं, आणि माती साइडिंगला, म्हणजे भिंतीवरच्या बाहेरच्या आवरणाला टेकू देऊ नका. कुठे खणणार असाल तर आधी ८११ ला फोन करा, गॅसची आणि विजेची लाइन कुठे आहे ते फुकट खूण करून देतात. बेसमेंटच्या खिडक्यांबाहेर जे खड्डे असतात त्यांतली पानं काढा आणि वर प्लास्टिकचं झाकण लावा. एवढं करून दोन-चार मोठे पाऊस जाऊ द्या.

तरीही येतंय? मग भेगा बघा. काँक्रीटच्या भिंतीतली बारीक उभी भेग बहुतेक वेळा साधी असते, पॉलियुरेथेन इंजेक्शनने बंद होते. आडवी भेग असेल किंवा भिंत आत फुगलेली दिसत असेल तर तो मातीचा दाब आहे, स्ट्रक्चरल इंजिनिअरलाच बोलवा. आतून वॉटरप्रूफ पेंट मारणं मला पटत नाही, मागून पाण्याचा दाब असला की पापुद्रे सुटतात. फरशी आणि भिंतीच्या सांध्यातून सगळीकडून पाणी येत असेल तर मग आतल्या कडेने फरशी फोडून भोकांचा पाइप टाकणं आणि संप पंप (खड्ड्यात जमलेलं पाणी आपोआप बाहेर फेकणारा पंप) बसवणं हा खर्चिक उपाय खरंच लागतो.

संप पंप आधीच असेल तर दर दोन-तीन महिन्यांनी खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून तो आपोआप चालू होतो का बघा. पाणी वाढलं की वर येऊन पंप चालू करणारा फ्लोट अडकलेला असतो आणि ऐन पावसात कळतं. बॅटरी बॅकअप हवाच, कारण वादळ आणि वीज जाणं एकत्रच येतं, २०१२ च्या सॅंडी वादळात इथे कित्येक घरांत कितीतरी दिवस वीज नव्हती. थंडीत पंपाचं पाणी बाहेर सोडणाऱ्या पाइपाचं तोंड गोठलेलं नाही ना तेही बघत जा.

पाणी भरलंच तर वीज बंद असल्याची खात्री होईपर्यंत पाण्यात पाय टाकू नका, पॅनलच खाली असेल तर वीज कंपनीला सांगा. खूप भरलं असेल तर एका दमात उपसू नका, बाहेरची माती पाण्याने जड झालेली असते आणि भिंत आत ढासळू शकते, रोज साधारण एक तृतीयांश काढा. पाणी गेलं की लगेच वाळवायला लागा, २४ ते ४८ तासांत बुरशी धरते, भिजलेलं कार्पेट आणि ड्रायवॉल (भिंतींना आतून लावलेले जिप्समचे तक्ते) वाचवत बसू नका.

आणि इन्शुरन्सचे कागद काढून बघा. साध्या होम पॉलिसीत पूर धरलेला नसतो, संप पंप बंद पडून आलेल्या पाण्यासाठी वेगळं एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडलेलं जादा कव्हर लागतं. सरकारी फ्लड इन्शुरन्समध्येही बेसमेंटमधलं फर्नेस (घर गरम करणारी भट्टी), वॉटर हीटर असल्याचे पैसे मिळतात, सोफा आणि कार्पेटचे पैसे मिळत नाहीत, शिवाय ती पॉलिसी लागू व्हायला साधारणपणे ३० दिवस जातात, त्यामुळे वादळाची बातमी लागल्यावर घेऊन उपयोग नाही.