भात-चपाती बंद केली की संध्याकाळी भडंगाचा डबा उघडतोच, वजन कमी करताना या चुका टाळा

आपल्या सांगलीत डाएट सुरू करायचं म्हणजे पहिल्याच दिवशी भात बंद, चपाती बंद, साखर बंद. सकाळी आमराईत फेऱ्या, दुपारी काकडी-टोमॅटो आणि वाटीभर पातळ आमटी, की झालं डाएट. पहिले काही दिवस उत्साहात निघतात, नंतर एखाद्या संध्याकाळी ऑफिसातून घरी आलं की भडंगाचा डबा घेऊन माणूस टीव्हीसमोर बसतो आणि डबा अर्धा झाल्यावरच हात थांबतो. मग घरातले म्हणतात तुला कंट्रोलच नाही, आणि त्याला स्वतःलाही तेच वाटायला लागतं. मला हे ऐकलं की खरंच वाईट वाटतं, कारण संध्याकाळची ती खा-खा बहुतेक वेळा दुपारच्या ताटातून आलेली असते, दुपारी पोट भरलेलंच नसतं.

म्हणून सगळ्यात मोठी चूक हीच, कार्ब्स (म्हणजे भात, चपाती, साखर) काढले पण त्यांच्या जागी ताटात काहीच आलं नाही. पातळ आमटीत डाळ असते किती? दुपारी मटकी, चवळी नाहीतर हरभऱ्याची घट्ट उसळ मोठी वाटी भरून घ्या, सोबत कोशिंबीर, दही किंवा ताक, आणि चपात्या दोन. हो, चपाती खायचीच. आधी उसळ-कोशिंबीर निम्मी संपवा आणि मग चपातीला हात लावा, म्हणजे तिसरी मागावीशी वाटत नाही. नॉनव्हेज खाणाऱ्यांना तर सोपं आहे, एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रोटीन मिळतं, चिकन करताना तेलाचा कट कमी ठेवा म्हणजे झालं.

दुसरी गोष्ट वेळेची. दीडला जेवण आणि रात्री नऊला जेवण, मधे फक्त दोन चहा, मग सहा वाजता भूक लागणार नाही तर काय होणार! पाचच्या आसपास मूठभर फुटाणे आणि ग्लासभर ताक, किंवा उकडलेलं अंडं, हे ठरवूनच ठेवा, भूक लागायची वाट बघू नका. त्यानंतरही भडंग खावंसं वाटलं तर खा की, पण वाटीत काढून घ्या, वर कांदा-कोथिंबीर-लिंबू टाका, आणि डब्याचं झाकण लावून तो जागेवर ठेवल्यावरच खायला बसा. डब्यातून थेट खाताना किती गेलं ते कळतच नाही, चुरमुरे हलके असतात पण त्यातलं तेल आणि शेंगदाणे हलके नसतात.

आता वजनकाट्याचं. पहिल्या आठवड्यात वजन झपाट्याने उतरतं आणि सगळे खूश होतात, पण त्यात पाणी बरंच असतं. शरीर कार्ब्स ग्लायकोजेन म्हणून लिव्हरमध्ये आणि स्नायूंमध्ये साठवतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण 3 ग्रॅम पाणी धरून ठेवतं. कार्ब्स कमी झाले की ते पाणी निघून जातं, एखाद्या लग्नात जेवून आलात की परत येतं. दुसऱ्या दिवशी काटा किलोभर वर दिसला म्हणजे एका रात्रीत किलोभर चरबी चढली असं होत नाही, 1 किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने 7700 कॅलरी, तेवढं एका पंगतीत कोण खातंय? पण नेमकं इथंच लोक डाएट फेल गेलं म्हणून सगळं सोडून देतात. काटा आठवड्यातून एकदा, सकाळी रिकाम्या पोटी बघा, बास.

हेल्दी म्हणून जे चालतं त्याकडेही नीट बघा. गुळाचा चहा घेतला म्हणून कॅलरी वाचत नाहीत, 100 ग्रॅम साखरेत 400 तर गुळात साधारण 380. बेदाणे आपल्या तासगावचे, घरात किलोने असतात, येता-जाता तोंडात टाकले जातात, पण 100 ग्रॅम द्राक्षांत 70च्या आसपास कॅलरी आणि तेवढ्याच बेदाण्यांत 300. शाळूची भाकरी चांगलीच, फायबर मिळतं, पण ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठातल्या कॅलरी जवळपास सारख्याच, म्हणून भाकरी आहे म्हणून तीन खाल्ल्या तर हिशोब तिथंच राहतो. आणि उपवासाचा साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, प्रोटीन नावालाही नाही. त्यापेक्षा भगर थोडी घ्या, सोबत दाण्याची आमटी आणि दही.

एवढं करूनही रात्री अकराला गोड हवंच वाटत असेल तर झोप तपासा. झोप कमी झाली की भूक वाढते, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही, ते बिचारे जेवणच आणखी कमी करत बसतात.

आणि शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कार्ब्स अजिबात कमी करू नका, हे मी कळकळीने सांगतोय. डोस तोच राहिला आणि जेवण घटलं तर शुगर एकदम खाली येऊ शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडतं, जोरात भूक लागते, आणि माणूस डाएट मोडायचं नाही म्हणून तसाच बसून राहतो. असं झालं तर लगेच शुगर तपासा, कमी आली तर, किंवा मशीन जवळ नसेल तर न तपासताच, तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, 15 मिनिटांनी परत तपासा, बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच साखर घ्या आणि डॉक्टरांना फोन करा.