नाशिक विभागातील शालेय फुटबॉल विजेतेपदांचा इतिहास कसा नोंदवावा

प्रथम कोणत्या स्पर्धेचा इतिहास लिहायचा, हे निश्चित करावे. सुब्रतो करंडक ही आंतरशालेय फुटबॉल स्पर्धा १९६० साली सुरू झाली आणि तीत विजयी शाळेचाच संघ जिल्हा, विभाग, राज्य असे टप्पे ओलांडत राष्ट्रीय फेरीपर्यंत जातो. १४, १७ व १९ वर्षांखालील शालेय स्पर्धांत मात्र राष्ट्रीय पातळीवर वेगवेगळ्या शाळांतील निवडक खेळाडूंचा राज्यसंघ उतरतो. त्यामुळे ‘राष्ट्रीय स्पर्धेत सहभाग’ एवढीच नोंद असेल, तर गेली ती शाळा की शाळेचा खेळाडू, हे तपासल्याशिवाय ती यादीत घेऊ नये. बहुतेक गोंधळ येथेच होतो.

यानंतर भूगोल पाहावा. आज महसुली नाशिक विभागात नाशिक, धुळे, नंदुरबार, जळगाव आणि अहिल्यानगर हे जिल्हे येतात; शालेय क्रीडा स्पर्धांत मात्र अहिल्यानगर पुणे विभागात धरले जाते. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला, म्हणून त्याआधीचे तेथील विजेते धुळ्याच्या नावावर शोधावेत. अहिल्यानगरच्या जुन्या नोंदी अर्थातच अहमदनगर या नावाखाली सापडतील.

पुराव्यासाठी शाळांची वार्षिके, प्रमाणपत्रे आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातील निकालपत्रके पाहावीत. ढालीवर कोरलेले वर्ष पुष्कळदा शैक्षणिक वर्ष असते, तेव्हा ते वृत्तपत्रातील बातमीशी ताडून घ्यावे. नाशिकमधील १८४० पासूनच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या ठिकाणी जुने अंक पाहायला मिळतात का, याची चौकशी करावी आणि सुरुवातीच्या फेऱ्या बहुधा तेव्हाच होत असल्याने पावसाळ्यातील महिने आधी चाळावेत. माजी खेळाडूंच्या आठवणी रंजक असतात, परंतु गोलसंख्येसाठी त्यांच्यावर विसंबू नये.