पाण्याच्या रसायनाचं मॉडेल मुलांकडून लिहून घेताय? या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबईत पाण्यावर प्रोजेक्ट म्हटला की मुलं आधी खाडी गाठतात. ऐरोली पुलाजवळून बाटली भरायची आणि थेट त्याच पाण्याचं मॉडेल पायथनमध्ये लिहायला घ्यायचं. हौस मोलाची आहे, पण सुरुवात खाडीपासून नको. तिथलं पाणी भरती-ओहोटीबरोबर बदलतं. समुद्राच्या पाण्याची आयनिक स्ट्रेंथ (विरघळलेले आयन आणि त्यांचा भार यांचं माप) ०.७ च्या आसपास असते आणि आयनांचा एकमेकांवरचा परिणाम धरायला वर्गात शिकवतो ते डेव्हिसचं समीकरण फार तर ०.५ पर्यंत चालतं. पुढे त्याच कामाला पिट्झरची जास्त किचकट पद्धत लागते, ती नवख्यांना झेपत नाही.

पहिलं मॉडेल उघड्या भांड्यातल्या शुद्ध पाण्याचं घ्या. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, म्हणून पीएच ५.६ यायला हवा. ७ आला नाही म्हणून मुलं बरोबर चालणारा कोड मोडून ठेवतात. तेव्हा त्यांना कागदावर गणित करायला लावाच.

पीएच ७ यायच्या जागी १६.१ आला तर रसायन तपासत बसू नका. पायथनमधलं नुसतं ‘लॉग’ नैसर्गिक लॉग काढतं. इथे ‘लॉग१०’ हवं.

खरा घोळ युनिटचा. लॅबच्या रिपोर्टात अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची क्षमता) ५० मिग्रॅ/लिटर असते आणि शेजारी बारीक अक्षरात ‘कॅल्शियम कार्बोनेट म्हणून’. मुलं तेच ५० बायकार्बोनेट म्हणून भरतात. साध्या गोड्या पाण्यात तीच अल्कलिनिटी बायकार्बोनेट म्हणून मोजली तर ६१ मिग्रॅ/लिटर होते. म्हणजे मॉडेलमध्ये लिटरमागे १ मिलिमोलऐवजी ०.८२ जातं. कोड तक्रार करत नाही, आलेखही देखणा येतो, म्हणून ही चूक महिनोन्‌महिने टिकते. आकडा आत येताक्षणी मोलमध्ये बदला आणि व्हेरिएबलच्या नावातच युनिट लिहायची सक्ती करा.

सॉल्व्हरने (समीकरणं सोडवणाऱ्या कोडने) ऋण तीव्रता दिली, तर मुलं थेट तीव्रतेवर न्यूटनची पद्धत चालवत असतील. ०.००००००१ सारख्या आकड्यांत ती सहज शून्याखाली घसरते. अज्ञात म्हणून पीएच घ्या आणि विद्युतभाराच्या समतोलावर (धन आणि ऋण आयनांचा भार सारखा) ० ते १४ मध्ये बायसेक्शन, म्हणजे दर फेरीला पट्टा अर्धा करत जाणं, चालवा; २० फेऱ्यांत चौथ्या दशांशापर्यंत उत्तर मिळतं.

अमेरिकन भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं फ्रीक्यूसी (PHREEQC) हे पाण्याच्या रसायनाचं तयार सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पण ते सत्राच्या शेवटीच हातात द्या. स्वतःचं उत्तर त्याच्याशी ताडताना फरक दिसला, की आधी दोन्हींकडचे समतोल स्थिरांक आणि तापमान जुळतंय का ते बघायला सांगा.