जलरंगात जुनं खेडवळ घर: सावली शेवटी आणि एकाच हातात

रंग साधे असले तरी चालतील, पण कागदात काटकसर नको. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड) कोल्ड प्रेस्ड, म्हणजे किंचित खरबरीत कागद घ्या. पातळ कागद पाण्यानं फुगतो आणि रंग त्याच्या खळग्यांत साचतो. चारही कडा मास्किंग टेपनं फळीवर चिकटवा.

एचबी पेन्सिलीनं हलकं रेखाटन करा. पट्टी बाजूला ठेवा. जुन्या घराचं आढं मधे थोडं खचलेलं असतं. ते सरळ रेघेत आलं की घर कालच बांधल्यासारखं दिसतं. उजेड कुठून येतो ते आत्ताच ठरवा आणि टेपवर तसा बाण काढून ठेवा. पुढे हमखास विसरायला होतं.

घर सोडून आकाशाचा भाग स्वच्छ पाण्यानं ओला करा आणि त्यात पातळ अल्ट्रामरीन निळा सोडा. मग हात आवरा. अर्धवट सुकलेल्या रंगात पाणी पडलं की फुलकोबीसारखे डाग उठतात.

भिंतीसाठी पांढरा रंग नकोच, कोरा कागदच पांढरा. सावलीच्या बाजूला यलो ऑकरचा, म्हणजे मातकट पिवळ्याचा, अगदी पातळ हात द्या, उजेडाची बाजू तशीच सोडा. दगड मोजून पाच-सहा दाखवा, बाकीचे बघणारा स्वतःच भरतो. घरामागची झाडं मात्र गडद हवीत, त्यांच्यामुळेच भिंत उजळते. सॅप ग्रीन नुसता भडक वाटतो, त्यात थोडा बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी, मिसळा.

गवती छपरासाठी आधी ऑकरचा हात द्या. तो सुकला की ब्रश फडक्यावर टिपून, जवळजवळ कोरडा, पाख्याच्या उताराच्या दिशेनं ओढा. कागदाचा खरबरीतपणा गवताचं काम करतो.

आता वळचणीची सावली. चित्राला हाताची मागची बाजू लावून बघा. गार लागलं तर कागद अजून ओला आहे. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून पारदर्शक करडा रंग करा, हवा त्यापेक्षा जरा गडदच, कारण जलरंग सुकल्यावर फिका होतो. भरलेल्या ब्रशनं छपराखालून एकदाच फिरवा. पुन्हा घासलंत तर खालचा रंग उठून चिखल होतो. माझी बरीच घरं अशीच गेली आहेत.

खिडक्या त्याच करड्या रंगाच्या दाट मिश्रणानं भरा, एक कोपरा कोरा ठेवून. टेप सगळं सुकल्यावरच, चित्राच्या बाहेरच्या बाजूला तिरकी ओढत काढा.